डाव्या बाहीचं अस्तर

इथले भुताखेतांचे अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते आणि कबूल करते, त्यातल्या निम्म्यांना मी हसलेय. पिंपळाखालची बाई, आरशातला चेहरा... दुपारी काजं-बटणं करताना वेळ बरा जातो. विश्वास कशावरच बसला नाही. माझा धंदाच तसा आहे. परभणीत वसमत रोडला घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. बाई कितीही म्हणू दे, "मी बारीक झालेय हो" — टेप लावला की खरं काय ते कळतं. माझा विश्वास त्या टेपवर. आज जे लिहितेय ते त्या टेपमुळेच लिहितेय, नाहीतर मीच स्वतःला हसून सोडून दिलं असतं.

आमचे हे ताडकळसजवळच्या एका शाळेवर शिक्षक आहेत. रोज मोटरसायकलवर जाऊन येऊन करतात. संध्याकाळी आले, चहा झाला की आम्ही दोघं भटकायला निघतो. व्यायामबियाम काही नाही, नुसतं भटकणं. नानलपेठेतून गुजरी, तिथून स्टेशन रोड, कधी मनात आलं तर विद्यापीठाच्या रस्त्याला. हे ओळखीच्या प्रत्येक माणसाशी बोलत थांबणार आणि मी प्रत्येक कापडाच्या दुकानापुढे थांबणार, त्यामुळे दोन किलोमीटरला दीड तास लागतो. पण आमचं जे काही नवरा-बायकोचं बोलणं होतं ते याच दीड तासात. घरात एक तर माझं मशीन चालू, नाहीतर यांचा टीव्ही.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी यांची दुसरी बायको.

पहिलीचं नाव चंद्रकला. राणीसावरगावची. लग्नानंतर आठ महिन्यांत काविळीने गेली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर दोनेक वर्षांनी माझं लग्न झालं. आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात सवतीचा टाक घालतात — चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. मांडवातच सासूबाईंनी तो माझ्या गळ्यात अडकवला आणि नियम सांगितला. नवीन लुगडं असो, बांगडी असो, गोडाचा घास असो... आधी टाकाला दाखवायचं, मग आपण घ्यायचं. "तुमचं आधी, आक्का" असं म्हणायचं. मी पंचवीस वर्षं म्हटलं. सासूबाई गेल्या तरी म्हणत राहिले. श्रद्धा होती म्हणून नाही, जीभ वळली होती म्हणून. पण खोटं कशाला बोलू, प्रत्येक दिवाळीला साडी आधी टाकाला लावताना पोटात एक काटा टोचायचाच. यांनी तिचं नाव माझ्यासमोर कधीच काढलं नाही. भांडायला तरी कुणीतरी समोर लागतं ना?

तर यंदा लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. लेक पुण्यात नोकरीला आहे, तिने परस्पर आमची व्हिएतनामची तिकिटं काढली. होई आन नावाचं गाव तिथं आहे. गावभर शिंपी! एका दिवसात कपडा शिवून हातात देतात. मी यूट्यूबवर त्या गावाचे इतके व्हिडिओ बघितले होते की लेकीने बरोबर नस पकडली. यांचं आपलं सुरू — "शिंप्याची बायको शिंपी बघायला परदेशात चालली. हितं काय कमी हायत व्हय?" माझ्या धंद्यावरून यांना शिंपी म्हटलेलं चालतं, मजेत असले की स्वतःच म्हणतात.

निघायच्या दिवशी मी गळ्यातला टाक काढला. विमानतळावर तपासणीत कटकट नको, हे कारण मी यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला पाच दिवस हवे होते... फक्त पाच दिवस. ज्यात काहीही आधी दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही आणि नवरा अख्खा माझा. एवढंच मागणं होतं माझं त्या ट्रिपकडून.

टाक कपाटात साड्यांखाली ठेवताना मात्र मला थट्टा सुचली. मी म्हटलं, "आक्का, या वेळी तुम्ही घर सांभाळा. आणि अगदीच यायचं असेल तर या बापड्या — तिकीट तेवढं तुमचं तुम्ही बघा." आणि हसून कपाट लावलं. ज्यांच्या घरी टाक आहे त्यांना कळेल मी काय करून बसले ते. गेलेल्या माणसाला नावाने 'या' म्हणायचं नसतं. पितरांनासुद्धा आपण ठरलेल्या तिथीलाच बोलावतो. मला हे तेव्हाही माहीत होतं, फक्त खरं वाटत नव्हतं.

हैदराबादहून विमान, मध्ये एकदा बदललं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी होई आनला पोचलो. पिवळ्या भिंतींची बुटकी घरं, दारोदारी कापडी कंदील, मधून नदी. घरगुती लॉजमध्ये खोली होती. सामान टाकून आम्ही लगेच भटकायला निघालो, परभणीसारखंच. हे म्हणाले, "गुजरीच हाय की ही. गाड्या कमी अन् कंदील जास्त." तिथं रस्ता ओलांडणं म्हणजे दिव्य, स्कूटर थांबतच नाहीत. तर भर रस्त्यात यांनी माझा हात धरला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा! पलीकडे गेल्यावरही सोडला नाही. हसू नका, पण मला रडायला आलं. मी गॉगल लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसलो तर टेबलावर तीन वाट्या. भाज्या घातलेल्या शेवयांचं गरम पाणी तिथं सकाळी खातात. तिसऱ्या वाटीपुढे खुर्ची आणि खुर्चीवर उशी. लॉजची मालकीण साठीची असेल, मोडकं इंग्रजी बोलायची. मी म्हटलं, आम्ही दोघंच. तिने जिन्याकडे बघितलं आणि विचारलं, "मुलगी नाही जेवणार?"

मला वाटलं, बुकिंग लेकीच्या नावाने आहे, त्यातून गोंधळ झाला असेल. मुलगी इंडियात आहे, असं सांगितलं. बाई हसली, मान डोलावली, पण वाटी काही उचलली नाही. हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. मी खातो ती बी." आणि खाल्ली. मीही विसरून गेले.

त्याच दिवशी शिंप्याचं दुकान गाठलं. दुकान दोन बायका चालवत होत्या. मोठी मापं घ्यायची आणि धाकटी वहीत लिहायची. तिथल्या बायका घालतात तसा लांब, दोन्ही बाजूंनी चिरलेला अंगरखा मला हवा होता. गर्द जांभळं रेशीम निवडलं. ती बाई माप घेत होती आणि मी तिचा हात बघत होते. काय हात होता! मुंढ्याचं, म्हणजे बाही बसते त्या घेराचं माप आम्ही एकदा घेतो, तिने दोनदा घेतलं, हात खाली असताना आणि वर असताना. तसं मी आता परभणीत करायला लागलेय. हे बाहेर पडवीत बाकड्यावर बसले होते. माझं झाल्यावर धाकटीने मला आत नेलं, कारखाना दाखवायला. धंदा एकच म्हटल्यावर गप्पांना भाषा लागत नाही. पाऊण तास तरी मी आत असेन. बाहेर आले तर मोठीच्या गळ्यात टेप होता आणि वहीत एक नवं पान भरलेलं होतं. दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं असेल, असं मी धरून चालले.

तिसऱ्या दिवशी सायकलरिक्षा ठरवल्या. तिथं एका रिक्षात एकच माणूस बसतो, चालवणारा मागे. आम्ही दोन सांगितल्या आणि आल्या तीन. तिसरा म्हातारा होता. मी दोन बोटं दाखवली, तर त्याने तीन दाखवली आणि माझ्या डाव्या बाजूला हात केला, जसं काही मीच आंधळी आहे. मी चिडले. परदेशी माणूस बघून लुबाडतात म्हणून मराठीतच बरंच बोलले. आम्ही दोघं निघालो. वळणावर मी मागे बघितलं तर म्हातारा रिकामी रिक्षा घेऊन आमच्या मागून येत होता. गल्लीगल्लीतून, पूर्ण चक्कर. शेवटी उतरल्यावर मी पैसे द्यायला गेले तर त्याने घेतले नाहीत. दोन्ही हात हलवले, रिक्षाच्या मोकळ्या सीटकडे बघून मान लववली आणि गेला.

सकाळची ती तिसरी वाटी आता मला आठवली. यांना मात्र काहीच बोलले नाही. बोलले असते तर ते नाव निघालं असतं, आणि या पाच दिवसांत ते नाव मला नको होतं.

चौथा दिवस लग्नाच्या वाढदिवसाचा. दुपारी मी एकटीच अंगरखा आणायला गेले, हे झोपले होते. मोठी शिंपीण मला बघताच मोडक्या इंग्रजीत माफी मागायला लागली. तुमचा थोडा राहिलाय, पाच मिनिटं बसा. मुलीचा आधी केला ना, म्हणून उशीर झाला.

"कुठली मुलगी?"

"तुमची मुलगी," ती म्हणाली आणि हाताने करून दाखवलं. मुलीने आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग माझ्या कापडावर. म्हणजे आधी माझं, मग हिचं. "तिने हाच रंग घेतला," ती म्हणाली, आणि जांभळा रेशमी अंगरखा माझ्यापुढे पसरला.

मी तो हातात घेतला. माझी लेक यांच्यासारखी उंचपुरी, हाडापेराने भक्कम आहे. तिची मापं मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतात. हा कपडा तिचा नव्हता. मी वही मागितली. मापं सेंटिमीटरमध्ये होती, मी मनात इंच केले — छाती तीस, कंबर चोवीस, खांदा तेरा. अशी मापं माझ्याकडे कॉलेजच्या पोरींची येतात. लहानपणी पोटभर न मिळालेल्या पोरींची. आणि मग मी कपडा उलटा केला, सवयीने. शिलाई आतून बघितल्याशिवाय मला राहवत नाही.

डाव्या बाहीला आतून अस्तर होतं. मऊ, सुती, धुऊन धुऊन विरल्यासारखं. फक्त डाव्या बाहीला.

मी पंचवीस वर्षं शिवतेय. एका बाहीला अस्तर कुणी लावत नाही. मी त्या बाईकडे बघितलं. तिने स्वतःची डावी बाही वर सारली, कोपरापासून मनगटापर्यंत बोट फिरवलं आणि तोंडाने फुंकर घातली, जशी आपण भाजल्यावर घालतो. मुलीने तिला दाखवलं होतं म्हणे. चामडी अशी... आणि तिने कागद चुरगळून दाखवला.

मी तिथंच लेकीला व्हिडिओ कॉल लावला. ती पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये बसली होती. "मम्मी, हॅपी ॲनिव्हर्सरी! चेहरा का असा झालाय?" मी ऊन लागलं म्हणाले.

दोन्ही कपडे घेऊन आले. दुसरा बॅगेच्या तळाशी, धपाट्यांच्या रिकाम्या डब्याखाली दाबला. संध्याकाळी माझा अंगरखा घालून यांच्यासोबत नदीकाठी फिरले. हे म्हणाले, "लय भारी दिसायलीस." आयुष्यात ऐकायचं ते वाक्य मी ऐकलं, आणि ऐकताना माझ्या डाव्या अंगाला कुणीतरी अगदी लागून चाललंय असं वाटत राहिलं. वळून बघायची छाती झाली नाही.

परभणीला आल्यावर पहिलं कपाट उघडलं. टाक जसाच्या तसा साड्यांखाली होता. मी तो गळ्यात घातला, हात जोडले, चुकलं म्हणाले. पण मनातून जाईना. आक्काचा एकच फोटो घरात आहे, लग्नातला. त्यात डावा हात शालूच्या पदराखाली झाकलेला आहे. तिचा हात भाजलेला होता असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. नसेलच भाजलेला, असं मी स्वतःला म्हणत होते. तसं निघालं की सुटले. मग ती तिथली कुणी दुसरी पोरगी, शिंपिणीचा घोळ, काहीही असू शकतं.

चार दिवसांनी संध्याकाळी विद्यापीठाच्या रस्त्याला फिरताना मी विचारलं. आडून-आडून नाही, सरळच. "आक्काचा डावा हात कसा होता हो?"

हे चालता चालता थांबले. तिथं एका छोट्या पुलाचा कठडा आहे, त्यावर बसले.

"तुला कुनी सांगितलं?"

"कसा होता ते सांगा आधी."

रस्त्यावरून ओळखीचं कुणीतरी हाक मारून गेलं, यांनी बघितलंसुद्धा नाही. मग म्हणाले, "तिचे मायबाप ऊसतोडीला जायचे. ल्हानपणी तिकडं फडावर, पाचटाच्या कोपीतच आधणाचं पाणी सांडलं तिच्या हातावर. कोपरापस्तोर. कापड घासलं की लय झोंबायचं तिला. म्हनून मी माझ्या जुन्या धोतराचं फडकं आतून लावून दिलं व्हतं तिच्या पोलक्याला. डाव्या बाहीला."

"तुम्ही?"

"हातानंच टाचलं. वाकडंतिकडं. मला कुठं येतंय."

मला तिथं काय झालं ते कसं सांगू? भूत-बित राहिलं बाजूला. पंचवीस वर्षं मी या माणसाच्या घरात शिवतेय. यांनी कधी मला सुईत दोरा ओवून दिला नाही. एकदाही नाही. मी समजत होते, पुरुषाची जात, यांना त्यातलं काही कळत नाही.

घरी येऊन मी तो दुसरा अंगरखा काढून यांच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. वाटीपासून रिक्षापर्यंत. यांनी बाही उलटी केली, अस्तरावरून अंगठा फिरवत राहिले. रागावले नाहीत, घाबरलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "एकोणीस वर्षांचीच ऱ्हायली की गं ती." आणि मग, "त्या बाईला इचार ना. कशी दिसत व्हती. काय करायली व्हती."

शिंपिणीचा नंबर माझ्याकडे होता. मी फोनवर त्यांच्या भाषेत करून प्रश्न पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. मुलगी चांगली होती. बोलली नाही, लाजाळू होती. माप दिल्यावर बाहेर जाऊन बाकड्यावर तुमच्या मिस्टरांच्या शेजारी बसली. तुम्ही कारखाना बघून येईपर्यंत बसली होती. त्यांच्याकडेच बघत होती.

मी वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं, असं आता वाटतं. हे खुर्चीत बसले होते ते तसेच पुढे वाकले. "पाऊण तास बसलो व्हतो मी तिथं," म्हणाले. "शेजारीच! त्या लॉजवालीला दिसली, रिक्षावाल्याला दिसली... मला का न्हाई दिसली गं?"

आणि रडले. सासूबाई गेल्या तेव्हा न रडलेला माणूस. मी पाठीवर हात ठेवला, पण माझा हात त्यांना कळलाच नाही.

या गोष्टीला तीन महिने झाले. कुणी म्हणेल, शिंपिणीने पैसे काढायला केलं. तर दुसऱ्या कपड्याचे पैसे तिने मागितलेच नाहीत. मुलीने दिले म्हणाली. कशाने दिले हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. कुणी म्हणेल, कधीतरी सासूबाईंच्या तोंडून मी ते ऐकलं असेल आणि विसरले असेन. असेलही. पण मग ते त्या बाईने शिवलेल्या बाहीत कसं गेलं? अंगरखा यांच्या कपाटात आहे, शर्टांच्या कप्प्यात, आणि मी त्याला हात लावत नाही.

संध्याकाळी आम्ही अजूनही भटकायला जातो. हे हल्ली फार बोलत नाहीत. लेक फोनवर खुश असते. बाबांना फिरायची आवड लागली म्हणते, कारण ते तिला सारखे व्हिएतनामच्या तिकिटांचं विचारत असतात. परवा दुपारी शाळेतून लवकर आले आणि मशीनजवळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. हातात दोघांचे पासपोर्ट होते.

"हेची मुदत कवापस्तोर हाय गं?" म्हणाले. "चष्मा न्हाई सापडायला मला."

चष्मा माझ्या मशीनच्या खणात होता, मीच ठेवला होता. मी पान उघडून बघितलं, अजून नऊ वर्षं बाकी होती; पासपोर्ट मिटला आणि म्हटलं, संपलीय.